सुईवटवट्याचं मौन

चष्म्याच्या दुकानात उभा जन्म काढला, तरी त्या गृहस्थांना गावात चष्मेवाले असं कुणी म्हणत नसे. लहानथोर सगळे म्हणत वटवटेकाका. नाव ऐकून नवख्याला वाटायचं, हा माणूस बोलून बोलून डोकं खाणार. प्रत्यक्षात काका इतके मितभाषी की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चष्मा चढवायचे, मान तिरकी करून बघायचे आणि नुसतं 'हं' म्हणायचे. त्या एका 'हं'च्या भरवशावर लोक चष्मे घेऊन जायचे. हे नाव त्यांना चिकटलं होतं ते एका पाखरापायी.

वटवट्या म्हणून चिमुकल्या पाखरांचं एक मोठं कुळ आहे. सगळे मातकट, सगळे चुळबुळे आणि सगळे एकमेकांचे जुळे भाऊ शोभावेत असे. त्यातला सुईवटवट्या म्हणजे शेंडेफळ. अंगठ्याएवढा जीव, डोळ्यावर पांढरी भुवई आणि आवाज इतका बारीक की कुणी हवेत सुया टोचत असावं. काटेरी झुडपाच्या पोटात राहणार, बाहेर तोंड दाखवायचं नाव नाही. त्यामुळे त्याची मोजणी करायची तर ती कानांनीच. गावाबाहेर पाण्याच्या मोठ्या टाकीमागे एक काटेरी माळ होता, तिथे या पाखरांची वस्ती होती. थंडी सरली की नर गायला लागत, आणि त्या दिवसांत काका उजाडता उजाडता माळावर जाऊन ऐकू येणाऱ्या प्रत्येक नराची एक रेघ कागदावर ओढत. दुकान चालवत होते तेव्हाही हा नेम कधी चुकला नाही. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर तर काय, रान मोकळंच मिळालं.

पण रेघा कमी होत चालल्या होत्या. पूर्वी एका सकाळी शंभराच्या वर पडायच्या. मग सत्तरवर आल्या, मग चाळिसावर. गेल्या साली अख्खा माळ पालथा घालून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या दिवशी काका घरी आले ते चहालाही न थांबता गॅलरीत जाऊन बसले. त्यांचा चेहरा बघून काकूंना वाटलं, कुणी गेलं की काय.

मग या अबोल माणसाने जे केलं ते बघून सगळा गाव थक्क झाला. निसर्ग मंडळाच्या सभेत ते उभे राहून बोलले. वर्तमानपत्रात लेख लिहिले. वन्यजीव कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. त्या कार्यालयात पक्ष्यांची एक यादी असते, कोणाचं बरं चाललंय, कोणावर लक्ष ठेवायला हवं, कोण धोक्यात आहे, अशी. सुईवटवट्या 'चिंता नाही'मधून उचलला जाऊन 'धोक्यात'मध्ये गेला. नगरपालिकेला माळावर वाहनतळ करायचा होता, ते काम थांबलं. माळाच्या तोंडाशी पाखराच्या चित्राची पाटी लागली. लोक आधी पाटी बघायला येऊ लागले, मग फिरायला येऊ लागले. एका न्हाव्याने तर दुकानाचं नाव बदलून सुईवटवट्या केशकर्तनालय ठेवलं. आणि यंदा या पाखराला आणखी एक पायरी वर, म्हणजे 'अतिशय धोक्यात'मध्ये न्यायचं ठरत होतं. त्यासाठी काकांची यंदाची मोजणी हवी होती.

काकूंना या सगळ्याचं कौतुक होतं, पण लांबून. नोकरीभर त्या बस स्थानकावर घोषणा करत. तिथला माईक चालू दिवसांपेक्षा बंद दिवस जास्त बघत असे, आणि बंद पडला की काकू खिडकीतून डोकं बाहेर काढून तशाच घोषणा करायच्या. शेवटच्या फलाटावर डुलक्या काढणारा ड्रायव्हरही दचकून स्टिअरिंगवर बसायचा. काकू निवृत्त झाल्या, आवाज काही निवृत्त झाला नाही. घरात त्यांनी 'अहो, जेवायला चला' म्हटलं की शेजारचे लोकही हात धुवायला उठायचे.

माळावर काकांना सोबत असायची दातांच्या डॉक्टरांची. दोघे बालवर्गापासूनचे मित्र. यंदा ऐन मोसमात डॉक्टर न्हाणीघरात घसरले आणि पायाला प्लास्टर घालून बसले.

"मी एकटा जाईन," काका म्हणाले.

"आणि खड्ड्यात पाय गेला म्हणजे? मी येते."

"तिथे बोलायचं नसतं गं."

"न बोलता राहता येतं मला. चांगलं चार तास."

काकांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

"बरं, दोन तास," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. काकूंनी चालायचे बूट घातले, हवेत गारवा होता म्हणून स्वेटर चढवला, पिशवीत पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेतली. पाटीपाशी पोचल्यावर काकांनी पेन्सिल काढली आणि डोळे मिटून ते कानोसा घेऊ लागले. काकूही गप्प राहिल्या. त्या गप्प झाल्या मात्र, आणि तो आवाज त्यांच्या कानांवर आला. त्सि-त्सि-त्सि. डावीकडून एक. मग उजवीकडून. मग पुढच्या झुडपातून दोघांचा एकदम, आणि पाठीमागून त्यांना उत्तर दिल्यासारखा आणखी एक. काकूंना वाटलं, किडे असतील कसलेतरी.

"चल पुढे," काकांनी डोळे उघडले. "या कोपऱ्यात पूर्वी दहा-बारा तरी असायचे."

"अहो, हे सारखं काय चिरचिरतंय?"

"काय चिरचिरतंय?"

"हेच. बारीक, त्सि-त्सि असं."

काकांनी मान तिरकी केली. "वारा असेल. काट्यांतून गेला की होतो तसा आवाज."

एक पान हलत नव्हतं. पण पक्ष्यांतलं आपल्याला काय कळतं, म्हणून काकू पुढे चालू लागल्या. थोडं अंतर गेल्यावर काकांनी त्यांचा हात धरून थांबवलं. समोरच्या झुडपाच्या शेंड्यावर एक मातकट ठिपका बसला होता. काकांनी दुर्बीण लावली, मग ती काकूंच्या गळ्यात अडकवली.

"नीट बघून घे," ते कुजबुजले. "दिसतो आहे, पण गात नाही. हल्ली जे थोडे नजरेला पडतात ते असे गप्प बसलेले असतात. मी लेखात लिहिलंय यावर. संख्या फार घटली की नर गाणं सोडून देत असणार. ऐकणारी मादीच उरली नाही तर बिचाऱ्याने गावं कोणासाठी?"

काका एका दमात इतकं बोलले याचं एरवी काकूंना नवल वाटलं असतं. पण त्या दुर्बिणीतून बघत होत्या. पाखराची चोच सताड उघडी होती. इवलासा गळा फुगत होता, थरथरत होता, आणि प्रत्येक थरथरीसरशी काकूंच्या कानात एक सुई टोचली जात होती.

"अहो, त्याची चोच उघडी आहे."

"धाप लागते त्यांना. उकाडा सहन होत नाही."

काकूंनी दुर्बीण खाली घेतली आणि स्वेटरचं वरचं बटण लावलं. आता त्यांच्या ध्यानात आलं. माळावर पाखरं कमी नव्हती. माळ पाखरांनी नुसता किणकिणत होता. हा माणूस त्या किणकिणाटाच्या ऐन मध्ये उभा राहून ती नाहीत म्हणून हळहळत होता.

उरलेला वेळ काकू खरोखरच एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या बोटांवर मोजत होत्या. बोटं संपली, पेरं संपली, मग त्यांनी नाद सोडला. काकांच्या कागदावर शेवटी चार रेघा पडल्या, त्याही डोळ्यांना दिसलेल्या पाखरांच्या.

"शाबास," परतताना काका म्हणाले. "तू इतका वेळ गप्प राहशील असं वाटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी फिरायला जाते म्हणून सांगून काकू एकट्याच माळावर गेल्या आणि मोबाइलवर तो आवाज टिपून थेट दुकानात गेल्या. मुलगा काउंटरमागे एका चष्म्याचा स्क्रू पिळत होता आणि सूनबाई काचा पुसत होत्या. काकूंनी मोबाइल काउंटरवर ठेवला.

"काय ऐकू येतंय?"

"पाखरं," सूनबाई लगेच म्हणाल्या. "बरीच आहेत की. कुठली?"

"तुझ्या सासऱ्यांची."

मुलाने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. त्याला समजायला वेळ लागला नाही. गेली दोन-तीन वर्षं वडील त्याला 'पुटपुटू नकोस, स्पष्ट बोल' म्हणून रागवत होते आणि तो बिचारा आपलं बोलणं सुधारत होता.

"पण आई, तुझं बोलणं त्यांना बरोबर ऐकू येतं."

"माझं बोलणं पलीकडच्या गल्लीलाही ऐकू येतं," काकू म्हणाल्या. "तिथेच तर घात झाला. म्हणून घरात कुणाला कळलं नाही."

"आणि डॉक्टरकाका? ते तर कायम बरोबर असायचे."

"त्यांचं वय काय? दोघं मिळून चार कान, आणि चारही एकाच सालचे."

सूनबाईंना हसू आवरेना. मग त्याही गंभीर झाल्या. पुढच्या आठवड्यात मंडळाची सभा होती. वन्यजीव कार्यालयातल्या बाई येणार होत्या, आणि त्यांच्या देखत काका यंदाचा आकडा सांगणार होते.

"माझं ऐक, आपण काही बोलायला नको," मुलगा म्हणाला. "पक्षी मजेत आहे, माळ वाचलाय, बाबांचं नाव झालंय. यात कुणाचं काय बिघडलं?"

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. काकूंना ते वाटेभर पटत राहिलं. पण घरी आल्या तर काका टेबलापाशी बसून सभेतलं भाषण लिहीत होते, आणि लिहिता लिहिता मधेच चष्मा काढून डोळे पुसत होते. काकूंना बघून त्यांनी घाईघाईने चष्म्याचीच काच पुसल्यासारखं केलं. काकूंनी मनाशी म्हटलं, हे काही खरं नाही. धडधाकट जिवंत असलेल्यांसाठी हा माणूस रडतो आहे, आणि आपण त्याला रडू द्यायचं?

त्यांनी खुर्ची ओढली. मोबाइल मध्ये ठेवला आणि आवाज लावला.

"काय ऐकू येतंय?"

काकांनी मान तिरकी केली. "काही नाही. तू मघाशी फिरायला गेलीस तेव्हा चुकून बटण दाबलं गेलं असेल."

"अहो, हे सुईवटवटे आहेत. माळावरचे. माळ भरलाय त्यांनी."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते, आपला मुलगा म्हणतो, सूनबाई म्हणते. पाखरं कुठे गेलेली नाहीत. तुमच्या कानांना त्यांचा आवाज येत नाही."

काका उठून उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते काकूंवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. आज चढवला. माझे कान ठणठणीत आहेत, ते म्हणाले. रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज येतो, दाराची घंटा येते, तुझा तर शब्दन् शब्द येतो. दोन दिवस माळावर काय गेलीस, मला पक्षी शिकवायला लागलीस? माझी कानांबद्दल कधी तक्रार होती का? हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू? आणि पक्षी गप्प झालेत, हे मी काय मनाने लिहिलंय?

काकूंनी त्यांना सगळं बोलू दिलं. मग शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या दुकानात लोक पहिल्यांदा चष्मा करायला यायचे, तेव्हा काय म्हणायचे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा तर."

उत्तर काकांना पाठ होतं. हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता, दर पाहुण्याला ऐकवायचे. डोळ्यांनी दगा दिलेला माणूस दुकानात येतो तेव्हा कधीही 'मला दिसत नाही' असं म्हणत नाही. तो म्हणतो, हल्ली वर्तमानपत्रवाले अक्षरं फार बारीक छापायला लागलेत.

"आणि हल्ली पक्षी गप्प बसायला लागलेत," काकू म्हणाल्या.

काका गॅलरीत गेले. दार लोटून घेतलं आणि बराच वेळ बसून राहिले. डोळ्यांच्या धंद्यात आयुष्य गेलं आणि स्वतःच्या कानांकडे मात्र कानाडोळा केला, हे त्यांचं त्यांनाच उमगत होतं की ते अजून रागातच होते, हे काचेतून काकूंना कळेना. त्या भांडी आवरत राहिल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"तो कान तपासायचा दवाखाना, बँकेच्या वरचा," काका म्हणाले, "तो सकाळी किती वाजता उघडतो?"

दवाखान्यात कपाटाएवढी काचेची खोली होती. काकांना आत बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. तपासनीस मुलगी बाहेर यंत्रापाशी बसली होती आणि काकू तिच्या बाजूला. सुरुवातीला काकांनी भराभर बटण दाबलं, परीक्षेत सोपे प्रश्न आल्यासारखं. मग मंदावले. मग नुसते बसून राहिले. बराच वेळ गेल्यावर त्यांनी काचेवर टकटक केली.

"अहो ताई, यंत्र बंद पडलं वाटतं. सुरू करा ना."

"सुरूच आहे, काका," ती मुलगी काचेतून मोठ्याने म्हणाली. तिने काकूंना हळूच कागदावरची रेषा दाखवली. जाड आवाजांपाशी ती सपाट चालली होती आणि बारीक आवाजांपाशी कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. "माणसांचं बोलणं बऱ्यापैकी येतं यांना. वरचे आवाज मात्र सगळे गेलेत. हळूहळू गेले असणार, म्हणून लक्षात येत नाही."

कानांमागे बसतील अशी दोन छोटी यंत्रं तिने काकांना वापरून बघायला दिली. ती लावून काका जिना उतरले आणि रस्त्यावर येऊन थबकले. त्यांना सायकलच्या साखळीची करकर ऐकू येत होती. काकूंच्या पिशवीतला कागद चुरचुरत होता. कोपऱ्यावर एक बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत गेली, तर काका मान वळवून तिच्याकडे बघत राहिले. काकूंना खरं तर हात धरून त्यांना लगेच माळावर न्यायचं होतं, पण दुपारच्या उन्हात पाखरं गात नाहीत. सकाळपर्यंत थांबणं भाग होतं.

सकाळी दोघं पाटीपाशी पोचली. या वेळी काकांनी पेन्सिल काढली नाही. ते उभे राहिले, डोळे मिटले. काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आधी कपाळाला आठी पडली. मग आठी गेली. मग मान डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पुन्हा डावीकडे.

"अगं," ते म्हणाले.

वाटेकडेला एक सपाट दगड होता, त्यावर ते बसले. माळभर सुया टोचल्या जात होत्या. जवळच्या झुडपातला एक नर तर इतका चेकाळला होता की श्वास घ्यायला थांबत नव्हता. काका हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आज त्यांनी ते चष्म्याच्या काचेवर ढकललं नाही.

"सगळे आहेत," ते म्हणाले. "अगं, सगळे इथेच आहेत. आणि मी लिहिलं की यांना दुःख झालंय."

"त्यांनी कुठे वाचलंय?" काकू म्हणाल्या आणि बिस्किटाचा पुडा फोडला. त्या कागदाच्या आवाजाने काका दचकले.

मग त्यांनी मोजणी केली. पहिल्या कोपऱ्यापासून, रीतसर, झुडपामागून झुडूप. कागदाची एक बाजू रेघांनी भरली तेव्हा त्यांनी तो उलटला.

सभा वाचनालयाच्या वरच्या खोलीत होती. खुर्च्या भरल्या होत्या. पुढे मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या शेजारी वन्यजीव कार्यालयातल्या बाई, आणि एका टोकाला नगरपालिकेचे इंजिनिअर, ज्यांचा वाहनतळ अडला होता. दातांचे डॉक्टर प्लास्टरचा पाय समोरच्या स्टुलावर ठेवून पहिल्या रांगेत होते. काकूंनी आदल्या संध्याकाळी काकांना विचारलं होतं की आधी अध्यक्षांच्या कानावर घालायचं का. काका म्हणाले होते, जे बोललो ते सगळ्यांसमोर बोललो, तर हेही सगळ्यांसमोरच बोलावं.

ते उभे राहिले. लिहिलेलं भाषण त्यांनी घरीच ठेवलं होतं.

"सुईवटवट्या धोक्यात नाही," ते म्हणाले. "धोक्यात होते ते माझे कान. परवा तपासून घेतले. काल ही यंत्रं लावून मोजणी केली. एकशे अठरा नर गात आहेत. गेल्या दहा वर्षांत मी जे आकडे दिले, ते पाखरांचे नव्हते, माझ्या बहिरेपणाचे होते. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून धावपळ केलीत. मी सगळ्यांची माफी मागतो."

मग डॉक्टर पुढे वाकून शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, "काय म्हणाला तो?"

हशा पिकला. कुणीतरी डॉक्टरांना पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की हशा दुप्पट झाला. काका आधी ओशाळले आणि मग तेही हसले. कार्यालयातल्या बाई हसत नव्हत्या, त्या उठून उभ्या राहिल्या.

"काका, बरं झालं तुम्ही आधी बोललात," त्या म्हणाल्या. "आम्ही या महिन्यात माळावर आवाज टिपणारी यंत्रं लावली होती. ती ऐकून मी रात्रीची झोप गमावून बसले होते. तुम्हाला हे कोणत्या तोंडाने सांगू, तेच कळत नव्हतं."

"मग आता यादीचं काय करणार?" काकांनी विचारलं.

"पुन्हा 'चिंता नाही'मध्ये. एवढी आनंदाची दुरुस्ती माझ्या नोकरीत मी पहिल्यांदाच करणार आहे. दरवेळी उलटंच लिहायची पाळी येते."

अध्यक्षांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी इंजिनिअरकडे बघितलं, इंजिनिअरनी आपल्या हातातल्या नकाशाकडे. चिंता नाही म्हटल्यावर वाहनतळाची वाट मोकळी झाली, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं. काका अजून उभेच होते.

"साहेब, मला एक सांगा," ते इंजिनिअरना म्हणाले. "घरात एखादं माणूस आजारी असलं तरच त्याचं घर पाडायचं नाही, आणि ठणठणीत असलं की खुशाल पाडायचं, असा काही नियम आहे का?"

"तसं नाही, काका, पण गाड्या लावायच्या कुठे?"

यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि त्यात पक्ष्यांपेक्षा माणसांबद्दलच जास्त बोलणं झालं. एक आजी म्हणाल्या, गुडघ्यांच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, माळ गेला तर मी कुठे चालू? कार्यालयातल्या बाई म्हणाल्या की ही एवढी दाट वस्ती सगळीकडे सापडत नाही, आणि पाखरं मजेत आहेत ती माळ आहे म्हणूनच. केशकर्तनालयाच्या मालकांनी नव्या पाटीचा खर्च हा मुद्दा तावातावाने मांडला. शेवटी इंजिनिअरनी नकाशा उलगडला आणि टाकीच्या दुसऱ्या अंगाला पडीक पाइपांचा ढीग आहे तिथे बोट ठेवलं. पाइप हलवले तर पुष्कळशा गाड्या मावतील, अगदीच कमी पडलं तर माळाचा रस्त्याकडचा एक कोपरा घ्यावा लागेल. त्या कोपऱ्यावरून मंडळ पुढे सहा महिने भांडलं आणि निम्मा कोपरा वाचवून आलं. सगळंच काही मनासारखं होत नाही.

डॉक्टरांनी प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कान तपासून घेतले. आता दोघे मित्र माळावर जातात ते भांडत. पूर्वी दोघांनाही ऐकू येत नव्हतं तेव्हा एकमत असायचं. आता हा म्हणतो, त्या झुडपात दोन आहेत, तो म्हणतो, एकच आहे आणि तो उडून पलीकडे गेला. निकाल काकूंकडे येतो. काकू दोघांचंही थोडं थोडं चुकलं म्हणून सांगतात, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही.

घरातही काकांना नवनवे आवाज सापडत होते. नळ गळतो हे त्यांना कळलं. मुलगा पुटपुटत नाही हेही कळलं, आणि तो त्यांच्या माघारी त्यांना काय म्हणतो, तेही. एकदा दुपारी ते पेपर वाचत असताना त्यांनी मान वर केली. काकू पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"तू गुणगुणते आहेस?"

"हो, का?"

"कधीपासून?"

"नेहमीच गुणगुणते. घड्या घालताना, कणीक मळताना. निवृत्त झाल्यापासून. तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत, मला वाटलं आवडत असेल."

काकांनी पेपर खाली ठेवला. मान तिरकी केली आणि थोडा वेळ लक्ष देऊन ऐकलं. काकू जरा लाजल्या, पण गुणगुणत राहिल्या.

"हं," काका म्हणाले. "दुसरी ओळ जरा बेसूर जाते आहे."

काकू दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी जेवायला बोलावलं, तेही शेजारच्या गृहस्थांनी दारावर टकटक करून विचारलं तेव्हा. "आज तुमच्याकडून हाक आली नाही," ते म्हणाले, "आम्ही आपले ताटकळत बसलोय."